उभ्या धानातल्या लाखोळीची टेस्ट

मंदाताई, तुझी टेस्ट अजून लालच आहे.

असं कोणी करतं का गं? माणूस बाहेर जाताना गॅस बंद करतो, नळ बंद करतो, कुलूप दोनदा ओढून पाहतो. आणि तू गेलीस ती माझ्या छाताडावर एक नापास टेस्ट ठेवून. तेरवी गुरुवारी झाली. काल मी आपल्या खोलीचं शटर वर केलं, तुझं टेबल पुसलं, संगणक लावला, तर समोर आपल्या नागपूरच्या कंपनीतल्या अभिजितचा निरोप. पहिल्या ओळीत तुला श्रद्धांजली. दुसऱ्या ओळीत, ती एक फेल होणारी टेस्ट सोमवारच्या मीटिंगपर्यंत काढून टाका, म्हणजे नवीन ॲप शेतकऱ्यांच्या हाती देता येईल. खाली हात जोडल्याचं चित्र. ते चित्र नेमकं कोणत्या ओळीसाठी होतं, मला कळलं नाही. आधी राग आला, मग हसू आलं, आणि मग इतकं रडू आलं की शेजारचा झेरॉक्सवाला पाण्याची बाटली घेऊन आला.

काढायला काहीच लागत नाही. तुझी टेस्ट नऊ ओळींची आहे. निवडायची, बटण दाबायचं, संपलं. बाकीच्या सगळ्या हिरव्या आहेत. आणि खरं सांगू, काढली तर माझंच भलं आहे. ती लाल आहे याचा अर्थ मी लिहिलेला क्लास, प्रोग्रामचा तो तुकडा, चुकला आहे, असं तुझं म्हणणं. ती गेली की माझा क्लास बरोबर. नागपूरला कोणी विचारणार नाही, कारण त्यांच्या लेखी मी इंजिनिअर आणि तू टायपिंगवाली बाई. विचारणारी एकच होती.

म्हणून आज शनिवारी, काम सोडून, तुला लिहीत बसले आहे. तुझ्याशी भांडल्याशिवाय मला ठरवता येत नाही. सवय लावून ठेवलीस ना.

आपण काय काम करतो हे तू भाऊजींना समजावून सांगितलं होतंस, ते मला अजून पाठ आहे. भाऊजी जेवत होते आणि तू डाळ वाढता वाढता म्हणालीस, "लोकं प्रोग्राम लिहितेत. आमी त्या प्रोग्रामले परीक्षेले बसवणारा दुसरा प्रोग्राम लिहितो. पास झाला का हिरवा, नापास झाला का लाल. एका बटणावर सगळा वर्ग तपासून होते." भाऊजी म्हणाले, "अन् तुमची परीक्षा कोण घेते?" तू म्हणालीस, "एकमेकीची आमीच घेतो, तुमी जेवा." माझ्या आधीच्या पुण्याच्या कंपनीला हेच मला समजवायला तीन दिवस आणि एक प्रोजेक्टर लागला होता.

मी पुण्याहून लाखांदूरला आले तेव्हा तोऱ्यात होते, हे आता कबूल करते. लग्न झालं, नागपूरच्या कंपनीची नोकरी घरून करायची ठरली, आणि सासरच्या घरात नेट असं की मीटिंगमध्ये माझं तोंड उघडं राहून गोठायचं. तुझ्या टायपिंग सेंटरमध्ये नेट बरं म्हणून मी एक टेबल मागितलं. तू माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलंस. "कोणाची वो तू?" म्हटलं, कोंढ्याची, अमक्याची मुलगी. "मंग बस ना. विचारतं काय." तेवढ्यावर करार झाला. त्यानंतर तू रोज माझ्या मागून जायचीस, चहा घेऊन, आणि माझ्या स्क्रीनवर नजर टाकायचीस. मला राग यायचा. तुला एक अक्षर कळत नाही, मग पाहतेस कशाला, असं मनात म्हणायचे.

आणि मग तो मिरचीचा दिवस.

जिल्ह्यातल्या एका शेतकरी कंपनीचं ॲप माझ्याकडे तपासायला होतं. शेताच्या कोणत्या बांधीत काय पेरलं, कधी कापणार, कापल्यावर कोणता ट्रॅक्टर कधी जाईल, याची सगळी नोंद. मी धानाची टेस्ट लिहिली. मग तीच उचलून हरभऱ्यासाठी चिकटवली, तीच जवसासाठी, तीच मिरचीसाठी, वांग्यासाठी. प्रत्येक ठिकाणी नाव बदलायचं, झालं. सगळ्या हिरव्या. मी महिनाभर खुशीत. तू चहाचा कप ठेवलास, चष्मा कपाळावरून नाकावर आणलास आणि म्हणालीस, "वैशाली, मिरचीच्या पानावर धान काहून लिवलं?"

मी म्हटलं, कुठे? तू बोट ठेवलंस. खरंच. वर नाव मिरचीचं, आत तपासणी धानाची. महिनाभर मिरचीची परीक्षा धान देत होता आणि पहिल्या नंबराने पास होत होता. मिरची बिचारी वर्गात कधी आलीच नव्हती. मी कोड लिहिला होता, नागपूरच्या चौघांनी तो नजरेखालून घातला होता, आणि चूक सापडली कोणाला, तर जिला कोडमधलं ओ की ठो येत नव्हतं तिला.

"असं होतेच," तू म्हणालीस, माझा चेहरा पाहून. तहसीलीच्या फाटकापाशी निंबाखाली बसून तू पंचवीस वर्षं लोकांचे अर्ज टाइप केले होतेस. "रामाच्या अर्जावरून शामाचा केला का कुठी ना कुठी राम राहूनच जाते. एकदा एका बाईच्या अर्जावर दुसऱ्याच बाईचा नवरा गेला. दोघीईनं माह्यं डोस्कं खाल्लं. तवापासून माह्यापाशी कोरा नमुना असते. मजकूर एकच, नावाची जागा कोरी. ज्याचा अर्ज त्याचं नाव, बाकी हात नाई लावाचा."

ताई, त्या क्षणी माझं काय झालं असेल! आमच्या कॉलेजात याच गोष्टीला जेनेरिक टाइप म्हणत. क्लास एकदाच लिहायचा, प्रकाराची जागा कोरी सोडायची, टोकदार कंसात एक अक्षर ठेवायचं, आणि वापरताना तिथे धान भरा, मिरची भरा. मी त्यावर टीप लिहून चार मार्क घेतले होते आणि नंतर आयुष्यात एकदाही वापरलं नव्हतं. आणि तू निंबाखाली बसून, कोणी न शिकवता, ते रोज करत होतीस.

त्या दुपारी आपण सगळ्या चिकटवलेल्या टेस्टा फेकून दिल्या. एकच टेस्ट लिहिली, पिकाची जागा कोरी ठेवून, आणि एकेक पीक तिच्यात भरलं. मिरची पहिल्यांदाच परीक्षेला बसली आणि सपशेल नापास झाली. तोडणी एकदा झाली की ॲप तिला संपलेलं पीक समजत होतं. मिरची काय एकदा तोडून संपते? तू टाळी वाजवलीस. "पाय, पकडली!" म्हणालीस. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणालीस, "मले शिकव हे."

शिकवलं म्हणण्यापेक्षा मी फक्त समोर बसले होते. तूच शिकलीस, व्हिडिओ पाहून, वहीत लिहून, माझं डोकं खाऊन. दीड वर्षात नागपूरवाल्यांनी तुला कामावर घेतलं. तुझी बोटं मात्र टाइपरायटरचीच राहिली. तू कीबोर्डवर अशी तुटून पडायचीस की तीन कीबोर्डांचे जीव गेले. आणि टेस्ट हिरवी झाली की "पास!" म्हणून असं ओरडायचीस की झेरॉक्सवाला तिकडून विचारायचा, "कोण पास झालं, काकू?" तू त्याला म्हणायचीस, "वांगं!" तो बिचारा तीन वर्षं हसतोय, आणि त्याला अजून कळलेलं नाही की आपण करतो काय.

म्हशीची गोष्ट तर मी पुण्याच्या मैत्रिणींनाही सांगितली आहे. मी तुला शिकवत होते की कोऱ्या जागेत काहीही भरता येऊ नये, हे आधीच बांधून ठेवता येतं. फक्त पीक चालेल, ट्रॅक्टर चालणार नाही. तू लगेच म्हणालीस, "चंद्री!" एका माणसाने म्हशीच्या विम्याचा अर्ज घेतला होता. त्यात 'अर्जदाराचे नाव' या कोऱ्या जागेत त्याने म्हशीचं नाव भरलं, चंद्री. कारण विमा तिचा. पाच गावं ओलांडून येष्टीने तहसीलीत आला, खिडकीवर तास उभा राहिला, आणि बाबू म्हणाला, "चंद्रीबाईले सहीले घेऊन या." तो माणूस परत गेला, परत आला. तू हसता हसता डोळे पुसत होतीस, पण मग एकदम गंभीर झालीस. "त्याले घरीच कोणी सांगतलं असतं तं येष्टीचं एक चक्कर वाचलं असतं ना वो. जागेच्या खाली बारीक अक्षरात लिहाले काय जात होतं, का इथी माणसाचंच नाव लिवा?"

प्रोग्राम चालू व्हायच्या आधीच त्यातली चूक दाखवतो तो कम्पायलर म्हणजे घरीच सांगणारा माणूस आणि चालू प्रोग्राम म्हणजे तहसीलीची खिडकी, हे मला तेव्हा समजलं. म्हणजे माहीत होतं, पण समजलं तेव्हा. मी म्हटलं, "ताई, त्या बारीक अक्षरांना कन्स्ट्रेंट म्हणतात." तू म्हणालीस, "म्हणत असन."

आता भांडणावर येते. टाळत होते.

'बांधी' हा क्लास माझा. ॲप नव्याने बांधायचं ठरलं तेव्हा नागपूरवाल्यांनी ते काम मला दिलं, आणि मला त्याचा केवढा अभिमान होता, तुला माहीत आहे. बांधी म्हणजे काय, तिच्यात काय होऊ शकतं, हे संगणकाला समजावणारा तो मजकूर. मी त्यात एक कोरी जागा ठेवली, पिकाची. बांधीत एक पीक. पेरलं की बांधी भरलेली, कापलं की रिकामी. रिकामी झाली की तिथे नांगरणीच्या ट्रॅक्टरचा नंबर आपोआप लागणार. सुबक काम होतं. अभिजितने 'एक नंबर' म्हणून अंगठा पाठवला होता.

आणि तू दुपारचा डबा उघडायच्या आत ती टेस्ट लिहिलीस. नाव ठेवलंस, 'उभ्या धानात लाखोळी'. धानाने भरलेली बांधी घेतलीस, तिच्यात लाखोळी, आपली ती हिवाळ्यातली डाळ, पेरलीस आणि बटण दाबलंस. लाल. कम्पायलरने तर आधीच हात वर केला होता. बांधी धानाची आहे, हिच्यात दुसरं पीक बसत नाही.

"कायले बसत नाई?" तू मला विचारलंस, जसं काही कम्पायलर माझा पुतण्या आहे.

मी म्हटलं, एका शेतात एका वेळी एकच पीक असतं, ताई.

तू माझ्याकडे पाहतच राहिलीस. आणि ताई, यातली गोम अशी की मी कोंढ्याची, इथल्याच धानाच्या गावची आहे. धान कापायच्या पंधरा दिवस आधी, बांधीत ओल असतानाच, उभ्या धानात लाखोळी फेकतात, हे मला कोणी शिकवावं लागत नाही. उतेरा हा शब्द मी शाळेत जायच्या आधी शिकले असेन. माझे बाबा दरवर्षी फेकतात. त्या लाखोळीची कोवळी भाजी खुडून मी वाढले. आणि कीबोर्डसमोर बसल्यावर मी लिहिलं काय, तर एक शेत, एक पीक. पुस्तकातलं शेत लिहिलं मी. पुण्याच्या माणसाने केली असती तर ती नुसती चूक असती. मी माझ्या स्वतःच्या पायांनी तुडवलेली बांधी विसरले होते.

पण हे तेव्हा मानलं नाही. तेव्हा मी काय म्हटलं? म्हटलं, "उतेरा किती लोक करतात आता? दोन आठवड्यांचा प्रश्न आहे. धान कापला की नोंदवतील लाखोळी."

तू म्हणालीस, "अन् तोवर तुह्या कागदावर बांधी रिकामी. ट्रॅक्टरचा नंबर लागला. उगवलेल्या लाखोळीवर नांगर घालशीन?"

"मग लोकांनी धान कापल्याची नोंद उशिरा करावी."

तेव्हा तू डबा बाजूला ठेवलास. आवाज चढवला नाहीस. "पंचवीस वर्ष लोकाईचे फारम भरले मी, वैशाली. फारमात खऱ्याले जागा नसली का माणूस खोटं लिहिते. मंग आपणच म्हणतो, लोकं खोटे आहेत. जागा आपण नाई ठेवली, हे कोणी म्हणत नाई."

हरायला लागले की माझी जीभ कशी सुटते, तुला माहीत आहे. मी म्हटलं, "ताई, तू टायपिंग केलंस. मी डिझाइन शिकले आहे."

तू म्हणालीस, "बरं, इंजिनेर बाई." मग डबा पुढे ओढलास आणि लाखोळीचे वडे काढून त्यातले दोन माझ्या पोळीवर ठेवलेस. रागाने वडे देणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. संध्याकाळी शटर ओढताना एवढंच म्हणालीस, "तुले काढाची असन तं काढून टाक माही टेस्ट. पण आपल्या बापाले एक फोन कर, मंग काढ."

मी फोन केला नाही. टेस्टही काढली नाही. दोन दिवस आपण गोड बोललो, कामापुरतं. तिसऱ्या सकाळी भाऊजींचा फोन आला.

ते वाक्य मला परत घेता आलं नाही, ताई. तू काही मनात ठेवणारी नव्हतीस, हे मला कळतं. पण मी ठेवणारी आहे. तुझी माफी मागायची राहिली, आणि तू बरोबर होतीस हे सांगायचं राहिलं. पहिलं एक वेळ चालेल. दुसरं ऐकायला तुला किती आवडलं असतं! महिनाभर पुरवून पुरवून वापरलं असतंस.

*

आज सोमवार. पुढचं आज लिहिते आहे, कारण मध्ये बरंच घडलं.

काल मी तुझ्या घरी गेले. भाऊजी ओसरीवर नव्हते. लाखोळीची टोपली घेऊन बांधीवर निघाले होते. तेरवी झाली, आता ओल जाईल, आजच फेकावी लागेल, म्हणाले. मी म्हटलं, मी येते. त्यांनी माझ्या चपलांकडे पाहिलं आणि चालायला लागले, भला माणूस.

धान पिवळा झाला आहे, ताई. लोंब्या खाली आल्या आहेत. भाऊजी धुऱ्याच्या बांधावरून आत उतरले आणि चालता चालता मुठी मोकळ्या करू लागले. दाणे धानाच्या पानांवर पडायचे, खडखडायचे, आणि खाली ओलीत नाहीसे व्हायचे. मला म्हणाले, "तूबी फेक." मी फेकली. पहिली मूठ एकाच जागी पडली. ते म्हणाले, "मंदीचीबी पयली मूठ अशीच पडे." मग आपल्याशीच हसले. मीही हसले. दोघं चिखलात उभे राहून हसत होतो, आणि मला आठवलं की मी इथे शोक करायला आले होते.

बाबांना तिथूनच फोन लावला. म्हटलं, बाबा, लाखोळी फेकली का? ते म्हणाले, "कवाचीच. काहून?" म्हटलं, काही नाही, सहज.

घरी न जाता सरळ आपल्या खोलीवर आले. पायाचा चिखल तसाच. 'बांधी' उघडली आणि एका कोऱ्या जागेच्या दोन केल्या. एक उभ्या पिकाची, एक त्याच्या पोटातल्या पिकाची. दुसरी रिकामी राहिली तरी चालेल, पण जागा हवी. उभं कापलं की पोटातलं वर येणार, आणि बांधी भरलेलीच राहणार. ट्रॅक्टरने वाट पाहायची. एवढं लिहिलं आणि कम्पायलर असा खवळला! साठ-सत्तर ठिकाणी बोंब मारली. इथे दुसरी जागा भरा, इथे भरा, इथे का नाही भरली. पूर्वी मी अशा वेळी शिव्या घातल्या असत्या. काल मी एकेक जागा भरत गेले आणि मला मजा येत होती. घरीच सांगत होता ना तो. कोणाला येष्टीने चकरा मारायला लावत नव्हता.

आणि आपली ती एकच टेस्ट, कोरी जागा ठेवलेली! तिलाही दोन जागा दिल्या आणि जोड्या भरल्या. धानात लाखोळी, धानात हरभरा, धानात जवस. एकदा लिहिलं, सगळ्यांना लागू. कुठे काही चिकटवलं नाही. कोणाच्या अर्जावर कोणाचा नवरा गेला नाही.

आज सकाळी मीटिंग. अभिजित म्हणाला, "मॅडम, ती टेस्ट काढली ना?" मी म्हटलं, "नाही. टेस्ट आहे तशी आहे. मी क्लास बदलला."

"पण डिझाइन तर बरोबर होतं. एका शेतात दोन पिकं एकदम कशी राहतील?"

ताई, एरवी इथे तू बोलायचीस. तू तुझ्या भाषेत त्यांना झोडायचीस आणि मी मागून इंग्रजीत मलम लावायचे. आज झोडायला मीच होते. मी त्यांना उतेरा सांगितला. ट्रॅक्टर सांगितला. फारमात खऱ्याला जागा नसली की माणूस खोटं लिहितो, हे सांगितलं आणि ते कोणाचं वाक्य आहे तेही सांगितलं. मग म्हटलं, "डिझाइन माझं होतं आणि ते चुकलं होतं. मंदाताईंनी पहिल्याच दिवशी दाखवलं. मला ते कळलं होतं. मी त्यांना तसं म्हटलं नाही."

मग अभिजित म्हणाला, "चालवून दाखवा ना, मॅडम."

बटण दाबलं. एकेक ठिपका हिरवा होत गेला आणि शेवटी तुझी आली. हिरवी. मी "पास!" म्हणून ओरडले, मीटिंगमध्ये, माइक चालू असताना. नागपूरची पाचही माणसं दचकली. झेरॉक्सवाल्याने भिंतीपलीकडून विचारलं, "कोण पास झालं?" मी म्हटलं, "लाखोळी!" तो हसला. ॲप उद्या शेतकऱ्यांच्या हाती जाणार आहे.

दुपारी भाऊजी आले, तुझ्या वस्तू न्यायला. तुझी खुर्चीवरची उशी, वही, चष्म्याचं घर. बसले. मी चहा दिला. त्यांनी विचारलं, "पास झाली का तिची?" म्हटलं, "झाली, भाऊजी." स्क्रीन दाखवली. ही उभ्या पिकाची जागा, ही पोटातल्या पिकाची. त्यांनी नीट पाहिलं, चहा संपवला आणि म्हणाले, "अन् तूर कुठी लिहाची?"

"कोणती तूर?"

"धुऱ्यावरची. काल तू तिले धरूनच तं बांधीत उतरली."

ताई! खरंच की गं. धान मधे, लाखोळी त्याच्या पोटात, आणि चहूबाजूंनी धुऱ्यावर तूर. एका बांधीत तीन. मला दिसली नाही ते सोड, मी इंजिनिअर आहे. पण तुला? तुझ्या नऊ ओळींत तूर कुठेच नाही. तुझ्याच धुऱ्यावरची, दर हिवाळ्यात तूच शेंगा तोडून, मीठ घालून उकडून डब्यात आणायचीस ती तूर. तू विसरलीस! पंचवीस वर्षं लोकांचे अर्ज तपासणारी बाई तूर विसरली! मी आनंदाने टाळी वाजवली. भाऊजीही हसायला लागले. म्हणाले, "असती तं मानलं नसतं तिनं."

नसतंच मानलंस. तू म्हणाली असतीस, धुरा बांधीत येतच नाई. मी म्हटलं असतं, येतो, धुऱ्याशिवाय बांधी कसली. तू म्हणाली असतीस... इथे मी अडकते. भाऊजी घरी गेल्यापासून मी हे भांडण करून पाहते आहे, दोन्ही बाजूंनी. माझी बाजू मला छान मांडता येते. तुझी बाजू घेतली की दोन वाक्यांत हरते, आणि तू काही दोन वाक्यांत हरणारी नव्हतीस. काहीतरी असं बोलली असतीस, जे मला सुचत नाही.